बचावाची गाडी मापाने बांधावी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मंडळातल्या एका गृहिणीने चार शब्द बोलावेत, ही आपली रीत. यंदा ती पाळी माझ्यावर आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा मोठ्या ग्रंथांतले काही माझ्याकडून ऐकावयास मिळणार नाही. मी बोलणार आहे ते अग्निशमन दलाच्या बचावगाडीविषयी. बायकांच्या मेळाव्यात लोखंडी गाडीची चर्चा कशाला, असे कोणाला वाटेल. पण ती गाडी ज्यांच्यासाठी धावते ती आपलीच माणसे असतात. म्हणून हा विषय आपल्या घरचाच आहे, असे मी समजते.

प्रथम बंब आणि बचावगाडी यांतला फरक सांगते. बंब म्हणजे चाकांवरची टाकी. पाणी नेणे आणि जोराने मारणे हे त्याचे काम. बचावगाडीत पाण्यापेक्षा हत्यारे महत्त्वाची. चेपलेल्या मोटारीचा दरवाजा फाकवणारा जबडा, खांब कापणारी कात्री, काँक्रीट कापणारी करवत, दोरखंड, शिड्या, स्ट्रेचर, विजेचे जनित्र आणि रात्री उंच उभारावयाचा दिवा, हे सारे तिच्यात असते. जबडा आणि कात्री तेलाच्या दाबावर चालतात. पंप तेल ढकलतो, आणि माणसाच्या हाताला न वाकणारे लोखंड ते हत्यार वाकवते. आणखी एक वस्तू म्हणजे हवेची चपटी पिशवी. दोनतीन बोटांच्या फटीत ती सरकवतात आणि हवा भरतात. तिच्यावरची भिंत किंवा गाडी हळूहळू उचलली जाते. जितके उचलले तितके लाकडी ओंडके लगेच खाली सरकवतात, म्हणजे पिशवी निसटली तरी ओझे खाली येत नाही.

आता अशी गाडी हवी कशाला? आपल्या दोन तालुक्यांकडे पाहा. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीची जमीन हलू लागली. धुंदलवाडी, हळदपाडा या बाजूला धक्क्यांवर धक्के बसले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने येथे भूकंपमापक यंत्रे बसवली. थंडीच्या दिवसांत लेकुरवाळ्या बाया तंबूत निजल्या. १ फेब्रुवारी २०१९ रोजी चार रिश्टरहून मोठा धक्का बसला, आणि त्या दिवशीच्या पळापळीत एक दोन वर्षांची मुलगी पडून दगावली. तिच्यावर भिंत कोसळली नव्हती. जगातली कोणतीही गाडी तिच्यापर्यंत वेळेत पोचली नसती. हे मी मुद्दाम सांगते, कारण गाडी आली म्हणजे सारे झाले, असा समज कोणी करून घेऊ नये.

दुसरी गोष्ट महामार्गाची. मुंबई-अहमदाबाद रस्ता मनोर, चारोटी, तलासरी असा आपल्या अंगणातूनच जातो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचे अपघाती निधन झाले, तेव्हा साऱ्या देशाला चारोटी हे नाव कळले. आपल्याला ते रोजचे. याच रस्त्यावरून रसायनांचे टँकर जातात. चैत्री पौर्णिमेला महालक्ष्मीची यात्रा सुरू झाली की माणसांची आणि वाहनांची रीघ लागते, हेही आपण जाणतो.

तिसरी बाजू समुद्राची. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या किनाऱ्याजवळ विद्यार्थ्यांची बोट उलटली आणि तीन मुली गेल्या. बाकीच्या कितीतरी मुलांना वाचवण्यास आपले मच्छीमार बांधव धावले. आधी पोचतो तो शेजारीच, हे त्या दिवशी दिसले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपातही ढिगाऱ्यावर पहिले हात पडले ते गावकऱ्यांचेच.

कोणी म्हणेल, मोठी आपत्ती आली तर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल येईल. येईल, आणि २०१९ मध्ये ते आले होतेच. पण चर्चगेटपासून डहाणू रोड रेल्वेने सुमारे १२४ किलोमीटर आहे. ढिगाऱ्याखाली श्वास कोंडलेल्या माणसाला तितकी वाट पाहता येत नाही. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

आता गाडी बांधतात कशी, ते सांगते. ही गाडी दुकानात तयार मिळते तशी क्वचितच घेतात. आधी दलाने आपल्याला कोणकोणती कामे करावी लागतात याची यादी करावयाची. मग ट्रक बनवणाऱ्या कारखान्याकडून इंजिन, चाके आणि सांगाडा घ्यावयाचा, आणि त्यावर बॉडी बांधणारा कारागीर वेगळा. भारतीय मानक ब्यूरोने अशा गाडीसाठी ९४९ क्रमांकाचे मानक ठरवले आहे. त्यात बसवून जागेची गरज पाहावी लागते.

भगिनींनो, हे शिवणकामासारखेच आहे. कापड एकच, पण माप न घेता बेतले तर पोलका कुठे तंग होतो आणि कुठे ढगळ. शहरासाठी बेतलेली मोठी गाडी पाड्याच्या वळणावर अडेल, आणि मोऱ्या-साकवांवर तिचे ओझे पेलेल की नाही हेही पाहावे लागेल. म्हणून आधी रस्त्याची रुंदी मोजावी, मग गाडीची लांबी ठरवावी. पावसाळ्यात चिखल असतो, तेव्हा पोट जमिनीपासून उंच हवे आणि पुढे ओढण्याची लोखंडी दोरी हवी. आपल्याकडे खोल विहिरी आहेत, म्हणून तिवई, कप्पी आणि दोर हवेत. समुद्र आहे, म्हणून तरंगती जाकिटे आणि फेकावयाची दोरी हवी. वादळात झाडे पडतात, म्हणून लाकूड कापणारी करवत हवी.

आतली मांडणी आपल्या मिसळणाच्या डब्यासारखी असावी. हात घातला की हवी ती वस्तू सापडली पाहिजे. जड हत्यार खाली, कमरेच्या उंचीवर, हलके वर. दोन्ही अंगांना ओझे सारखे, नाहीतर वळणावर गाडी कलंडेल. प्रत्येक कप्प्यावर आतल्या वस्तूचे नाव मराठीत मोठ्या अक्षरांत असावे. अपघात बहुधा अंधारात आणि घाईत गाठतो.

पण सर्वांत मोठी गोष्ट माणसांची. हत्ती दारात बांधला आणि माहूत ठेवला नाही, तर त्याचा उपयोग काय? हत्यार दर आठवड्याला चालवून पाहिले पाहिजे, तेल बदलले पाहिजे, माणसांना शिकवले पाहिजे. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात २००२ मध्ये हर्षिनी कान्हेकर ही पहिली मुलगी दाखल झाली आणि हे काम बाईलाही जमते हे तिने दाखवले. आपल्या पाड्यांतल्या सशक्त मुलींनी या कामाकडे का पाहू नये?

दलाच्या जवानांविषयीही दोन शब्द. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत स्फोट झाला आणि मुंबईच्या अग्निशमन दलाचे ६६ जवान कामावर असताना गेले. म्हणून त्या दिवसापासून दरवर्षी अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. आपण त्यांना हार घालतो. पण हातात योग्य हत्यार देणे हा त्यांचा त्याहून मोठा मान.

आता आपण काय करावयाचे? आपले दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत आणि पाड्यांच्या ग्रामसभेला कायद्याने अधिकार आहेत. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा होते. तेथे गप्प बसू नये. नगरपरिषद आणि पंचायत समितीकडे मंडळाने एक अर्ज द्यावा. जवळ कोठे कोणती बचाव-हत्यारे आहेत, ती चालवणारे किती, आणि धुंदलवाडीला, झाईला, कासाला पोचण्यास किती वेळ लागतो, याची यादी मागावी. नवी गाडी घ्यावयाची ठरली, तर यादी लिहिण्याआधी पाड्यातल्या बायांना विचारावे. कुठला साकव कधी बुडतो, कुठली वाट रात्री बंद होते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

घरी करावयाच्या गोष्टी तर आजपासूनच. धक्का बसला तर घाबरून धावू नये. घर पक्के असेल तर मजबूत मेजाखाली डोके झाकून बसावे, आणि हलणे थांबले की बाहेर पडावे. लहान मुलाला कोण घेणार, हे आधीच ठरवावे. मोटारीत मागे बसलो तरी पट्टा बांधावा. टँकर उलटला तर भांडी घेऊन जवळ जाऊ नये. वाऱ्याच्या उलट दिशेला थांबावे, आणि टँकरवरच्या फलकावरचा क्रमांक दुरून दिसला तर तो कळवावा. त्यावरून आत कोणते रसायन आहे ते समजते. १०१ किंवा ११२ फिरवताना जागेची खूण नीट सांगावी. आपल्या गल्लीच्या तोंडाशी वाहने लावून वाट अडवू नये.

सरकारने आपल्याला गाडी द्यावी, हे मागणे योग्यच आहे. ती ज्या वाटेने येईल ती वाट मोकळी ठेवणे आणि ती येईपर्यंत घाबरून न जाणे, एवढे आपल्या हाती आहे. अर्जाचा कागद मी लिहून आणला आहे. चहा झाल्यावर सर्वांनी वाचावा, चुकले असेल ते दुरुस्त करावे आणि सही करावी. ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठा द्यावा.