सर्पदंश आणि विलंब



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आम्ही सर्पदंशाचा विषय काढिला, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु ज्या माणसांनीं हा धर्मग्राम उभा राहिला, त्यांच्या जिवाविषयीं दोन शब्द बोलणें अस्थानीं होणार नाहीं.

सन २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार, २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सुमारें १२ लाख माणसें सर्पदंशानें दगावलीं. विषाइतकाच विलंबही येथें घातक होतो.

विलंब कां होतो? दुखत नाहीं, सूज नाहीं, म्हणून आपण उजाडण्याची वाट पाहतों. नाग, घोणस व फुरसें यांच्या दंशानें बहुधा वेदना होतात व सूज येते. मण्यारीचें तसें नाहीं. ती रात्रीं फिरते, जमिनीवर निजलेल्यास चावते, आणि पुष्कळदां दंशाची खूणही दिसत नाहीं. कांहीं वेळानें पोटांत कळ येते, पापण्या जड होतात, गिळतां-बोलतां येईनासें होतें आणि अखेर श्वास कोंडतो.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच: लस द्यावी कीं नाहीं हें डॉक्टरांनीं ठरवावें; रुग्णालयांत जावें कीं नाहीं, याचा मात्र घरांत खल करूं नये. नुसता संशय पुरेसा आहे. घोड्याच्या रक्तापासून सिद्ध केलेली प्रतिविषाची लस या चारी सर्पांच्या विषावर चालते. ती रुग्णालयांत मिळते, मांत्रिकाच्या ओटीवर नव्हे.

१०८ क्रमांकावर तात्काळ रुग्णवाहिका बोलवावी. तिला विलंब दिसल्यास मिळेल त्या वाहनानें निघावें. रुग्णास चालवूं नये, दंश झालेला हातपाय फळी लावून स्थिर ठेवावा, अंगठ्या-बांगड्या काढाव्या. जखम कापूं नये, चोखूं नये, दोरीनें आवळूं नये. साप मारण्याच्या भरीस पडून वेळ दवडूं नये. आणि निजतांना मच्छरदाणी गादीखालीं नीट खोंचावी. तिनें डासच नव्हे, तर मण्यारही बाहेर राहते.

अशा रात्रीं कित्येक घरांतून प्रथम आम्हांस बोलावणें येतें. आम्ही अवश्य येऊं. परंतु आमच्यासाठीं गाडी थांबवूं नका. तैलाभ्यंग व प्रार्थना रुग्णालयाच्या खाटेशींही होतात. आधीं रुग्णास तेथें पोंचवा. आम्ही मागोमाग येतों.