हत्यार घेताना

मंडळी, बाग आणि सुतारकाम हे दोन छंद असलेली माणसे या सभागृहात बरीच दिसतात. तुम्ही हत्यारे कशी घेता? पाते चकचकीत आहे का, मूठ रंगीत आहे का, आणि विजेचे असेल तर खोक्यावर किती वॅट लिहिले आहेत, एवढे पाहून. माझे म्हणणे असे, की हत्यार घेताना दोनच गोष्टी बघाव्यात. त्याला पुन्हा धार लागेल का, आणि त्याचा सुटा भाग मिळेल का. बाकी सगळे नंतर.

साधे खुरपे घ्या. बाजारात पत्रा दाबून केलेले स्टेनलेसचे खुरपे मिळते. ते गंजत नाही, कुंडीतली भुसभुशीत माती उकरायला ठीक आहे. पण मुरमाड जमिनीत ते वाकते. याउलट आठवडी बाजारात लोहार कमानपाट्याचे खुरपे विकतो. ट्रकच्या स्प्रिंगचे ते पोलाद, त्यात कार्बन पुरेसा, म्हणून लोहाराने दिलेले पाणी ते धरते. ते दिसायला काळे असते आणि ओले ठेवले तर गंजते. पण पुसून तेलाचा हात फिरवला, झिजल्यावर शेवटून आणले, की वर्षानुवर्षे चालते. दांडा बाभळीचा असावा आणि लाकडाच्या रेषा मुठीपासून टोकापर्यंत सरळ गेलेल्या असाव्यात. रेषा तिरप्या असतील तर दांडा तिथेच मोडणार.

पटाशीचेही तसेच. पोलाद कडक आहे की नाही हे कानशीने कळते: धारेजवळ कानस घसरली तर पाते कडक, चावली तर मऊ. दुकानदार तुम्हाला हे करू देणार नाही, ते सोडा. पण घरी आणल्यावर जरूर करा. मुठीला दोन्ही टोकांना शेंबी हवी, म्हणजे हातोडीच्या घावाने ती फाटत नाही. पटाशीची धार पंचवीस ते तीस अंशांची ठेवावी. सागात सिलिका असते, त्यामुळे सागावर काम करताना ती लवकर जाते. ती ग्राइंडरवर घाईने लावू नका. कडेला निळा रंग चढला की पोलादाचे पाणी उतरले असे समजा. तेवढा भाग घासून काढल्याशिवाय तिथे धार टिकत नाही. धार लावायचा दगड, पाणी आणि थोडी चिकाटी, यावर भागते.

आता कात्री. नाशिकच्या द्राक्षबागेत वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या सुमारास खरडछाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. तिथे सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, दिवसभर हातात असते. तिचे दोन प्रकार. एकात पाते आकड्याला घासून बाजूने जाते. दुसऱ्यात ते सपाट पट्टीवर आपटते. हिरव्या फांदीला पहिलाच प्रकार घ्यावा, कारण दुसरा सालीला चेंगरतो. तो वाळक्या काटक्यांसाठी. कापताना पाते झाडावर राहणाऱ्या भागाकडे आणि आकडा टाकून द्यायच्या भागाकडे ठेवावा. घेताना मधला सांधा बघा. नट-बोल्टचा असेल तर कात्री उघडते, साफ होते, पाते बदलता येते. रिव्हेटचा असेल तर ती एका धारेचीच सोबती. स्वित्झर्लंडच्या फेल्को कंपनीचे (स्थापना १९४५) नाव झाले त्याचे मोठे कारण हेच, की पाते, स्प्रिंग, बोल्ट सगळे सुटे मिळते. महाग आहे, हे मान्य. पण रिव्हेटच्या स्वस्त कात्र्या लागोपाठ विकत घेणे हेही काही स्वस्त नाही.

विजेच्या हत्यारांत वॅट म्हणजे यंत्र वीज किती खाते, काम किती करते ते नव्हे. बॅटरीच्या ड्रिलवर 'अठरा व्होल्ट' आणि 'वीस व्होल्ट मॅक्स' असे लिहिलेले असते. दोन्हींत पाचच सेल ओळीने जोडलेले. दुसरा आकडा फक्त पूर्ण चार्ज झालेल्या क्षणाचा. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला सहसा बसत नाही, म्हणून आधी बॅटरी ठरवा, मग यंत्रे. वायरच्या यंत्राला कार्बन ब्रश बाहेरून बदलता यावेत. अंगावर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर दुहेरी इन्सुलेशन आहे. तरीही ओल्या बागेत तीस मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी लावल्याशिवाय प्लग घालू नका.

एका गोष्टीवर मी जरा कडक बोलणार आहे. आपल्याकडे प्लायवूड कापायला सर्रास मार्बल कटर वापरतात. तो दगडासाठी आहे. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे, आणि लाकडाच्या सर्क्युलर सॉला खालून आपोआप झाकणारे जे कव्हर असते ते त्याला नसते. त्यात लाकूड कापायची दातेरी चकती बसवली, की ती लाकडात अडकून यंत्र उसळते, आणि पाते उघडेच. सर्क्युलर सॉचे फेरे साधारण पाच हजारांच्या आसपास असतात. चकतीवर छापलेली वेगमर्यादा यंत्राच्या वेगापेक्षा जास्त असावी, एवढे तरी वाचाच.

आणि खरेदी करताना डोळ्यांसाठी सुरक्षा चष्मा व एन-९५ मास्क त्याच बिलात घ्या. लाकडाचा बारीक भुसा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवला आहे, आणि नाकाला बांधलेला रुमाल तो अडवत नाही.