डासाच्या पोटातली साक्ष



रक्त पिते ती डासाची फक्त मादी, आणि तेही अंडी पोसण्यासाठी. हे रक्त माणसाचेच हवे असे नाही. गाय, म्हैस, शेळी, कोंबडी. ज्या त्या जातीची आवड वेगळी. हिवताप पसरवायचा, तर मात्र तिने दोनदा माणसाला चावायला हवे. एकदा रोग्याला आणि साधारण १०-१२ दिवसांनी निरोग्याला. म्हणून आम्हा कीटक अभ्यासकांचा पहिला प्रश्न असतो, हिच्या पोटातले रक्त कोणाचे?

पोट लालबुंद झालेल्या अशा माद्या भल्या सकाळी भिंतीवर विसावलेल्या सापडतात. आम्ही त्या काचेच्या नळीने ओढून घेतो. घाई करावी लागते, कारण दोन-तीन दिवसांत रक्त पचून जाते. पूर्वी सशाला निरनिराळ्या प्राण्यांचे रक्त टोचून मिळवलेल्या रक्तजलाने परीक्षा होई. पण शेळी की मेंढी, हे सांगणे अवघड जाई. आता डीएनए तपासतात. गंमत म्हणजे गाय असो वा माणूस, तांबड्या पेशींत डीएनए नसतोच. साक्ष देतात त्या पांढऱ्या पेशी. त्यांतल्या ‘सायटोक्रोम बी’ या जनुकाच्या पीसीआर तंत्राने असंख्य प्रती काढायच्या आणि ठाऊक असलेल्या प्राण्यांशी ताडून पाहायच्या.

याचा उपयोग काय? ॲनॉफिलिस फ्लुव्हिआटिलिस हा डोंगरी ओढ्यांतला डास घ्या. दिसायला एकच, पण डॉ. सरला सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये गुणसूत्रांवरून त्यात ‘एस’, ‘टी’ आणि ‘यू’ अशा तीन जाती दाखवल्या. ‘एस’ ओडिशाच्या जंगलपट्ट्यात माणसाला चावते, घरातच विसावते आणि हिवताप पसरवते. ‘टी’ आणि ‘यू’ यांची भिस्त मुख्यतः गुरांवर. भिंगाखाली मात्र तिघी सारख्याच! नुसती डोकी मोजून फवारणी केली, तर औषध गोठ्यात संपेल आणि ताप माजघरात राहील.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. गोठ्यातलेच डास तपासले, तर गाईगुरांचेच रक्त सापडणार आणि गाव सुरक्षित असल्याचा भास होणार. घर, गोठा, बाहेरची झुडपे, सगळीकडचे नमुने हवेत.

तेव्हा कधी सकाळी आमची मंडळी नळी घेऊन दारात आली, तर ‘डास तिकडे गोठ्यात आहेत’ असे सांगून त्यांना परत पाठवू नका. त्यांना तुमच्या माजघरातलाही डास हवा असतो.