शेजाऱ्याचे शपथपत्र



फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी नागपूरचा जरीपटका वसविला. पुढेही सिंधमधील हिंदू कुटुंबे येथे येतच राहिली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा या घरांत धास्ती शिरणे स्वाभाविक होते. हिंदूंच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसांना तो आदेश लागू नाही, असे शासनाने स्पष्ट केले.

परंतु हाकलले नाही, म्हणजे आपलेसे केले असे होत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये नागपूरसह काही निवडक जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना अशा अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले. शुल्कही शंभर रुपयांवर आले. मार्च २०२४ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायद्याचे नियम निघाले. मात्र ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांनाच त्यांचा लाभ. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने छळामुळे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्यांना दंडात्मक कारवाईपासून अभय दिले, नागरिकत्व नव्हे. या दोन तारखांमध्ये दहा वर्षांची दरी आहे आणि त्या दरीत माणसे राहतात.

ती दरी बुजविणे संसदेच्या हाती. पण जे पात्र आहेत, त्यांचे काय? नव्या नियमांनुसार अर्जदाराच्या चारित्र्याविषयी भारतीय नागरिकाचे शपथपत्र लागते. कायदा दिल्लीत होतो. हे शपथपत्र मात्र शेजारीही देऊ शकतो. आपल्या गल्लीत असा अर्जदार असेल, तर त्याने दार ठोठावण्याची वाट पाहू नका. आपणच त्याच्या दारी जा.