कपाळामागचा लगाम
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मागच्या वर्षी मी इथेच लिंबाच्या लोणच्यावर बोलले, तेव्हा माझा आवाज कापत होता. आज विषय मोठा आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

आपले केम कुंकवाचे गाव. इथले कुंकू कुठल्या कुठल्या कपाळांवर जाऊन बसते! पण कपाळाच्या हाडामागे काय आहे, हे मला दिवाळीत भाचीने सांगितले. ती पुण्याला नर्सिंग शिकते. ती म्हणाली, "मावशी, कपाळामागचा मेंदू म्हणजे रागाचा लगाम. राग आतून उसळतो. पण हात उचलायचा की आवरायचा, यात त्या भागाचे काम मोठे."

हे डॉक्टरांना कसे कळले? 1848 साली अमेरिकेत रेल्वेच्या कामावर फिनिअस गेज नावाचा मुकादम सुरुंग भरत होता. सुरुंग उडाला आणि लोखंडी पहार त्याच्या गालातून शिरून डोक्यातून बाहेर पडली. माणूस वाचला. पण पूर्वी शांत असलेला तो आता शिवराळ आणि हट्टी झाला, असे त्याच्या डॉक्टरांनी लिहून ठेवले.

आता लोक विचारतात, हा लगाम बाहेरून घट्ट करता येईल का? 2018 साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या आणि सिंगापूरच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. 81 निरोगी माणसे घेतली. कपाळाच्या वर ओले स्पंज बांधून 20 मिनिटे अगदी बारीक वीज सोडली. जुन्या साठ वॉटच्या दिव्याला लागते, तिच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. निम्म्याच लोकांना खरी वीज दिली, बाकीच्यांना नुसता देखावा. यात भूल नाही, चिरफाड नाही. या विजेने मेंदू एकदम हलत नाही; तो भाग फक्त कामाला थोडा अधिक तयार होतो, असे समजतात. मात्र कोणी घरी तारा जोडून बघू नये. ते जिवावरचे काम आहे.

दुसऱ्या दिवशी सर्वांना मारहाणीच्या आणि बलात्काराच्या गोष्टी वाचायला दिल्या आणि विचारले, "तुम्ही असे कराल का?" खरी वीज घेतलेल्यांची तशी इच्छा मारहाणीच्या बाबतीत 47 टक्क्यांनी आणि बलात्काराच्या बाबतीत 70 टक्क्यांनी कमी निघाली. मी म्हटले, वा! मग भाचीने पुढचे सांगितले. त्याच लोकांना एका बाहुलीला हव्या तितक्या टाचण्या टोचायला सांगितले, तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. बोलणे निवळले, हात तसाच राहिला.

भगिनींनो, हे कळायला आपल्याला यंत्र कशाला हवे? रात्री मारणारा सकाळी शपथ घेतो, "पुन्हा हात उचलणार नाही." शपथ खरीही असते. पण संध्याकाळ व्हायची असते, आणि दारू तर तो लगाम आणखी सैल करते.

आता माझे सांगते. माझी मुलगी सात वर्षांची असताना तिच्याकडून दूध उतू गेले. मी उलथने फेकून मारले. तिच्या भुवईवर अजून वण आहे. सर्वांना सांगितले, पोर पडली. स्वतःला सांगितले, माझे डोके फिरले होते. पण त्याच क्षणी दारात पाहुणे आले आणि मी पदर सारखा करून हसून म्हणाले, "या, बसा." डोके खरेच फिरले असते, तर पाहुण्यांवरही फिरले असते! माझा लगाम शाबूत होता. लेकीपुढे तो सोडायची मला मुभा होती, म्हणून मी सोडला. गेल्या संक्रांतीला मी तिची माफी मागितली. ती काही बोलली नाही. चहा मात्र दोघींचा केला.

कोणाचा लगाम खरोखर तुटलेला असतो. डोक्याला मार लागल्यावर, अर्धांगानंतर किंवा मनाच्या आजारात माणूस बदलतो. त्याला मांत्रिक नको, डॉक्टर हवा. सरकारी मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. 14416 या नंबरवर फोनवरूनही सल्ला मिळतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत कानात आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णांसाठी ही बारीक वीज वापरली गेली आहे. पण रागीट नवऱ्यावरचा उतारा म्हणून ती अजून कोणी सिद्ध केलेली नाही.

आणि उद्या ते यंत्र आलेच, तर त्याखाली आधी कोणाला बसवतील? मला भीती वाटते, उलट बोलणाऱ्या सुनेला! म्हणून ज्याचे डोके, त्याची संमती, हे आपण आजच पक्के धरावे.

मार खाणाऱ्या बहिणीने मात्र यंत्राची वाट पाहू नये. 2005 चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, 181 हा फोन आहे, आणि आपले मंडळ आहे. मार कोणाच्या कपाळी लिहिलेला नसतो.

कोणी कुंकू लावते, कोणी लावत नाही. कपाळ सर्वांनाच आहे. हात उचलायच्या आधी तो एकदा कपाळाला लावून पाहा. मी लावते. दरवेळी जमतेच असे नाही, पण उलथने कढईतच राहते.