समुद्राच्या तळाचा हिशेब



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा होती की, मी मजुरीच्या कायद्यावर किंवा बोनसवर बोलेन. तो विषय मी आज बाजूला ठेवला आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली आणि पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु बंदरावरच्या, बर्फाच्या कारखान्यातल्या आणि मासळी सोलणाऱ्या मजुरांत ज्याने तीस वर्षे काढली, त्याने मासळी जिथून येते त्या जागेची चौकशी करू नये, असे कुठे आहे?

ट्रॉलर हा शब्द आपल्याला परिचयाचा आहे. त्याचे काम कसे चालते ते मात्र थोडक्यात सांगतो. पिशवीसारखे मोठे जाळे बोट मागे ओढत नेते. जाळ्याचे तोंड उघडे राहावे म्हणून दोन्ही बाजूंना जड फळ्या असतात, आणि खालच्या दोराला वजने किंवा साखळी असते. हा सारा संसार समुद्राच्या तळावरून फरफटत जातो. कोळंबी तळाशी चिखलात बसते, म्हणून तिला उठवायचे तर तळ खरवडावा लागतो.

या पद्धतीविरुद्धची तक्रार नवी नाही. इ. स. १३७६ साली इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे एक अर्ज आला होता. नव्या तऱ्हेचे ओढजाळे तळाची वनस्पती उपटते, आणि त्यात इतकी बारीक पिल्ले सापडतात की ती डुकरांना घालावी लागतात, असे त्यात म्हटले होते. साडेसहाशे वर्षे झाली. डुकरांच्या जागी मासळीच्या भुकटीचे कारखाने आले, एवढाच फरक.

आता तळाकडे येऊ. आपल्याला वाटते, तळ म्हणजे नुसता चिखल. पण त्या चिखलात कृमी, शिंपले, खेकडे आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव राहतात. मासे त्यांच्यावर जगतात. जाळे एकदा फिरले की यांतले किती जातात, याचा हिशेब देशोदेशींच्या शास्त्रज्ञांनी मिळून २०१७ साली मांडला. फळ्यांचे साधे ट्रॉल सरासरी २.४ सेंटिमीटर तळात घुसते आणि एका फेरीत सुमारे ६ टक्के जीव नाहीसे करते. पाण्याच्या झोताने तळ उकरणारी शिंपल्यांची यंत्रे १६ सेंटिमीटर खोल जातात आणि ४१ टक्के जीव नेतात. झालेली हानी बहुतांशी भरून यायला साधारण २ ते साडेसहा वर्षे लागतात. हे आकडे मुख्यतः थंड समुद्रांतले आहेत. तरी ६ टक्के ऐकून कोणी निश्चिंत होऊ नये. कारण हंगामात त्याच पट्ट्यावरून जाळे एकदाच फिरत नाही.

दुसरा प्रश्न कर्बाचा. समुद्राच्या वरच्या थरातील सूक्ष्म वनस्पती हवेतला कर्ब घेऊन वाढतात. त्या मेल्या, कोणी खाल्ल्या, की त्यांचे अवशेष कणाकणांनी खाली उतरतात. त्यातला थोडा भाग गाळात पुरला जातो. गाळाच्या आत प्राणवायू फारसा पोचत नाही, म्हणून तिथे कुजणे मंद असते आणि कर्ब शतकानुशतके पडून राहतो. जगाच्या सागरतळाच्या वरच्या एक मीटर गाळात सुमारे २.३ लाख कोटी टन कर्ब आहे, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. ही पृथ्वीची फार जुनी ठेव आहे. जाळ्याने गाळ ढवळला, त्याला प्राणवायू मिळाला, की जंतू तो कर्ब खाऊन कर्बवायू सोडू लागतात.

तो किती सुटतो? इथे मात्र शास्त्रज्ञांत कडाक्याचा वाद आहे, आणि तो मी आपल्यापासून लपवणार नाही. २०२१ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक निबंध आला. ट्रॉलिंगमुळे पहिल्या वर्षी जवळजवळ दीडशे कोटी टन कर्बवायू पाण्यात मिसळतो, असा त्याचा अंदाज होता. २०२३ साली त्याच नियतकालिकात दुसऱ्या शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला की, हा आकडा कैक पटींनी फुगलेला आहे. जुना पुरलेला कर्ब ताज्या कर्बासारखा चटकन कुजत नाही. त्याआधी २०२२ साली ४९ अभ्यास एकत्र तपासले गेले होते. त्यांपैकी ६१ टक्क्यांत कर्बाच्या साठ्यात लक्षणीय फरक आढळला नाही, २९ टक्क्यांत तो घटलेला आणि १० टक्क्यांत वाढलेला दिसला.

असे का व्हावे? कारण ढवळलेला गाळ पुन्हा कुठेतरी बसतो. बिळे करून आत प्राणवायू नेणारे कृमीच मेले, तर कुजणे मंदही होऊ शकते. रेतीचा तळ वेगळा, चिखलाचा वेगळा. म्हणून अभ्यास करायचा तर नळ्या रोवून गाळाचे उभे तुकडे काढावे लागतात, थरांचे वय काढावे लागते आणि जाळे फिरलेल्या जागेची तुलना न फिरलेल्या जागेशी करावी लागते. पंचाईत ही की, चांगल्या मासळीच्या पट्ट्यात न फिरलेली जागा शिल्लकच नसते!

आता कोणी म्हणेल, शास्त्रज्ञांचे एकमत होईपर्यंत थांबा. गिरणीतल्या धुळीबद्दल आणि खाणीतल्या भुकटीबद्दल मालकांनी कामगारांना हेच सांगितले होते. कर्बाचा आकडा वादग्रस्त असेल. तळाच्या जीवांची हानी वादग्रस्त नाही, आणि गरीब मच्छिमाराचे रिकामे जाळे तर मुळीच नाही.

आपल्या देशाचा इतिहास पाहा. १९५२ साली नॉर्वेशी करार झाला आणि दुसऱ्या वर्षी केरळात नींदकरा येथे काम सुरू झाले. हेतू होता लहान मच्छिमाराला यंत्र देण्याचा. पुढे कोळंबीला परदेशी बाजार मिळाला, भांडवल आले आणि ट्रॉलर वाढले. सत्तरीच्या दशकात गोव्याचे रापणकार उठले. मालवणच्या किनाऱ्यावर जिला आपण रापण म्हणतो, तीच ओढणारी ही माणसे. त्यांच्या आणि केरळच्या लढ्यांतून सागरी मासेमारीचे कायदे आले. गोव्यात आणि केरळात १९८० साली, महाराष्ट्रात १९८१ साली. १९८८ साली केरळात पावसाळ्यातील ट्रॉलबंदी सुरू झाली. आज आपल्या किनाऱ्यावरही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. हे कोणी दयाळूपणे दिलेले नाही. उपोषणे करून, लाठ्या खाऊन मिळवलेले आहे. पण माशांच्या विणीसाठी दोन महिने पुरेसे मानले, तरी ज्या तळाला सावरायला वर्षे लागतात त्याचे दोन महिन्यांत काय होणार?

इथे माझ्या धंद्याची गोष्ट सांगणे भाग आहे. ट्रॉलरवरचा खलाशी हा शत्रू नव्हे. तो कोकणातला असेल, नेपाळातून आलेला असेल; बोट त्याची नाही, नफाही त्याचा नाही. बोट बंद झाली की पहिली उपासमार त्याची. हाँगकाँगने २०१२ च्या ३१ डिसेंबरपासून आपल्या पाण्यात ट्रॉलिंग बंद केले, तेव्हा सरकारने बोटी विकत घेतल्या आणि खलाशांनाही मदत दिली. मालकाला भरपाई आणि मजुराला नुसता रामराम, असली बंदी मी मानणार नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. आपल्या किनाऱ्यावर काही पट्टे कायमचे बिनजाळ्याचे ठेवा, म्हणजे तळ सावरेल आणि अभ्यासाला तुलनेची जागा मिळेल. त्या अभ्यासात तांडेलांना आणि खलाशांना रोजाने घ्या; कुठल्या वावावर चिखल आहे आणि कुठे खडक, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? आणि बंदीच्या दिवसांत खलाशाच्या चुलीची जबाबदारी कायद्याने कोणावर तरी टाका.

आपण शहरवासी मासळी खातो, भाव वाढला की कुरकुरतो. पुढच्या वेळी बाजारात जाल तेव्हा ती कशाने धरली, एवढे मासेविक्या बाईला विचारा. तिला ते ठाऊक असते. आपण विचारत नाही, म्हणून ती सांगत नाही.