गाडी कुणाची, बिल्टी कुणाची?

सुक्या बोंबलाची पोती शिवून झाली, पांढऱ्या कांद्याच्या माळा बांधून तयार आहेत, पुण्याच्या व्यापाऱ्याचा फोनही आलाय. आता गाडी? इथे आपलं घोडं अडतं. मग कुणीतरी एक नंबर देतं, "यांना सांगा, गाडी लावून देतील." आज या गाडी लावून देणाऱ्या दलालाबद्दल बोलू.

त्याच्याकडे बहुधा स्वतःचं एक चाकही नसतं. असते ती माहिती. घाटावरून माल घेऊन आलेली कुठली गाडी रिकामी परत जाणार, हे त्याला ठाऊक असतं. रिकामं जाण्यापेक्षा गाडीवाला कमी भाड्यातही आपला माल घेतो. आपली सहाच पोती असली तर दलाल आणखी दोघांतिघांचा माल जोडून गाडी भरतो. आपण देतो ते भाडं आणि गाडीवाल्याच्या हाती पडतं ते भाडं, यातला फरक ही त्याची कमाई. आपल्या उरणच्या न्हावाशेवा बंदरातून परदेशी माल धाडणारे व्यापारीसुद्धा जहाजावर जागा मिळवायला असे मध्यस्थ धरतात. लंडनमध्ये तर १७४४ साली अशी मंडळी एका कॉफीच्या दुकानात जमायची, त्यातूनच पुढे बाल्टिक एक्सचेंज ही संस्था झाली. तेव्हा दलाल म्हटलं की लगेच नाक मुरडू नका. सहा पोत्यांसाठी आख्खी गाडी करणं आपल्याला कुठे परवडतंय?

खरी गोची होते ती माल बिघडल्यावर. आमच्याकडच्या एका गटाची सुकट वाटेत अवकाळी पावसात भिजली, गाडीवर ताडपत्रीच नव्हती. दलाल म्हणाला, मी फक्त गाडी दिली. गाडीवाला म्हणाला, मी तुम्हाला ओळखतच नाही. सगळं फोनवर ठरलेलं. बायकांनी कर्जाचा हप्ता पदरचे पैसे घालून भरला.

मालवाहतुकीचा २००७ चा कायदा आहे. पावती देऊन माल पोचवण्याचा धंदा करणारा दलालही त्यात वाहतूकदारच धरलाय. त्याला नोंदणी लागते आणि नुकसानीची जबाबदारीही त्याच्यावर येते. म्हणून भाड्याची घासाघीस करण्याआधी विचारा, "बिल्टी कुणाच्या नावाची?" त्याची असेल तर नोंदणी क्रमांक बघा. गाडीवाल्याची असेल तर त्याचं नाव, गाडीचा नंबर नीट लिहून घ्या. "बिल्टीची काय गरज, ताई?" म्हणणाऱ्याला माल देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मालाची किंमतही लिहा. त्यातही एक मेख आहे. भरपाई साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळते. भाडं ९०० रुपये असेल तर ९,००० रुपये, मग माल २०,००० चा का असेना. जास्त जोखीम त्याने घ्यावी असं वाटत असेल तर जादा दर आधी ठरवून कागदावर घ्यावा लागतो.

माल भिजलेला, फुटलेला पोचला तर उतरवून घेणाऱ्याला बिल्टीवर तसा शेरा मारायला सांगा. बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेली पाहिजे, नाहीतर पुढे दावा करता येत नाही. बिल्टी गटाच्या फाईलला लावा आणि तिचा फोटो अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या मोबाईलमध्ये ठेवा.